मॉरिशसचे डॉल्फिन: पैसे नाशिकमध्ये भरू नका

आधी हिशेब सांगते, म्हणजे पुढचं वाचताना माझा सूर का चढलाय ते कळेल. कॉलेज रोडवरच्या एका एजंटने 'डॉल्फिनसोबत दोन तास पोहणं, छोटी बोट, हॉटेलवरून पिकअप' असं सांगून माणशी नऊ हजार घेतले. त्याच किनाऱ्यावर तसल्याच बोटीसाठी तिथला बोटवाला माणशी दोन हजार मॉरिशस रुपये मागत होता. तिथला एक रुपया आपल्या दोन रुपयांच्या थोडा आतच पडतो. म्हणजे चार हजारांत काम झालं असतं. वरचे पाच हजार आम्ही एसी गाडीत पेंगत बसायचे मोजले.

पैशाचं एक वेळ सोडा, खरा घोळ वेळेचा आहे. पॅकेजवाले हॉटेल देतात उत्तरेला, ग्रां बेला. डॉल्फिन असतात पश्चिमेला, तामारिनच्या उपसागरात. मधे तासाभराहून जास्त रस्ता, त्यात गाडी हॉटेलाहॉटेलातून माणसं गोळा करत जाणार. आम्ही पाण्यावर पोहोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. तोवर डॉल्फिनांची अर्धी झोपमोड झालेली.

झोपमोडच म्हणायची. इथले बरेचसे स्पिनर डॉल्फिन, म्हणजे हवेत गिरक्या घेत उड्या मारणारी जात. ते रात्रभर बाहेर खोल समुद्रात मासे आणि माकुळ धरतात आणि उजाडताना उथळ, वाळूच्या तळाच्या पाण्यात विसाव्याला येतात. तेव्हा ते कळप करून सावकाश फिरतात, उड्या वगैरे फारशा मारत नाहीत. नेमक्या त्याच वेळी सगळ्या बोटी तिथे. आमच्या दिवशी वीसेक तरी असतील. एकाला पाठीवरचा पंख दिसला की सगळ्यांची इंजिनं एकदम ओरडणार, डिझेलचा धूर नाकात, लाटा बोटींच्याच. मग गाईडचं 'जंप, जंप!' मारा उडी. मास्कमधलं पाणी काढेपर्यंत खाली निळा अंधार आणि आजूबाजूला माणसांचे पाय. की लगेच 'वर या, वर या', कारण कळप पुढे सरकलेला.

आणि ती शिडी. बोटीच्या कडेला लटकवलेली, तीन दांड्यांची, शेवटचा दांडा पाण्याच्या जेमतेम आत. पायात फिन्स (पोहायचे रबरी पंजे) असले की त्यावर पाऊल बसतच नाही. बोट वर जाते तेव्हा शिडी हातातून सुटते, खाली येते तेव्हा नडगीवर आदळते. फिन्स आधी काढून वर द्या, लाट बोटीला खाली आणेल तेव्हाच चढा. हे गाईडने सांगायला हवं होतं. त्याने दंडाला धरून पोत्यासारखं वर ओढलं, त्याचे वळ आठवडाभर होते. असं पुन्हा पुन्हा. शेजारच्या बाई तिसऱ्या उडीनंतर बादली घेऊन बसल्या त्या उठल्याच नाहीत. पाण्यात डोकं घालून खरोखर डॉल्फिन पाहिले ते मिनिटभरही नसेल. दोन तास म्हणे.

वर फोटोंचे पंधराशे. त्यातल्या एका फोटोत लख्ख ऊन आहे. आमच्या दिवशी आभाळ गच्च होतं. फोटो घेऊच नका.

थोडक्यात, पॅकेजमधली डॉल्फिन टूर टाकाऊ. बेनितिये बेटावरचं जेवण त्यातच असतं, तेही टाकाऊ.

मधले दिवस छान गेले. शामारेलची रंगीत माती, गंगा तलाव, सगळं जसं सांगतात तसंच आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मात्र डोकं फिरलं होतं म्हणून आम्ही स्वतः गेलो. त्याआधीच्या रात्री फ्लिक-आँ-फ्लाकला मुक्काम केला. तिथून तामारिन अगदी जवळ. आदल्या संध्याकाळीच किनाऱ्यावर बोटवाल्याशी बोललो: परवाना दाखव, माणसं सहाच्या वर घ्यायची नाहीत, आणि उजाडताच निघायचं. तो हसला, पण सहाला हजर होता. पाण्यावर आमच्याशिवाय दोनच बोटी. त्याने इंजिन लांबच मंद केलं, कळप कुठे चाललाय ते बघून बराच पुढे बोट नेली आणि बंद करून थांबला. उडी नाही, कडेवर बसून अलगद पाण्यात घसरायचं. हात अंगाशी, पाय जवळजवळ स्थिर, तोंड खाली.

आधी आवाज आला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा करकर, सगळीकडून. मग ते खालून आले. राखाडी पाठी, पांढरी पोटं, पंधरा-वीस असतील. एका मादीच्या पोटाखाली पिल्लू चिकटून चाललेलं. मादीच्या कुशीवर समांतर ओरखडे होते, दुसऱ्या डॉल्फिनांच्या दातांचे. तिने एक डोळा माझ्याकडे वळवला आणि वेग जराही न बदलता निघून गेली. मी पाण्यातच ओरडले, स्नॉर्केलमध्ये, म्हणजे श्वासाच्या नळीत, पाणी गेलं. एवढ्यासाठी परत जाईन. आत्ता, उद्या.

जाणाऱ्यांनी हे करावं. मास्क-स्नॉर्केल नाशिकहून स्वतःचं न्या आणि सावरकर जलतरण तलावात आठवडाभर वापरून बघा. भाड्याचे मास्क गळतात. तलावात न थांबता पोहता येत असेल तर दमाची काळजी नको, पण कडेला भिंत नाही याची मनाला सवय हवी. गंगापूर धरणावरची बोट आणि हे पाणी यांची तुलनाच नाही. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर आधी घ्या. दिवाळीच्या सुट्टीत पहाटे वारा बोचतो, पातळ वेटसूट घाला. गुडघे दुखणाऱ्यांनी बोटीतच बसावं, शिडीमुळे. आणि कळपाच्या मागे पोहू नका, पाठलाग केला की ते खाली जातात. हवाईत 2021 पासून स्पिनरच्या 45 मीटरच्या आत जायलाच बंदी आहे. न्यूझीलंडच्या बे ऑफ आयलंड्समध्ये 2019 पासून टूरवाल्यांना बॉटलनोज जातीच्या डॉल्फिनांसोबत माणसं पोहायला नेणंच बंद. वीस बोटींचा तो गोंधळ पाहिल्यावर मला त्यात काही चूक वाटत नाही.

कोकणात पोहायला मिळेल का, असं भावजय विचारत होती. नाही. दापोली, तारकर्लीला होडीतूनच बघायचं. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत ते. आणि किनाऱ्यालगतच्या त्या गढूळ पाण्यात हातभर पुढचंही दिसत नाही.

एजंटला परत आल्यावर हॉटेलचा पत्ता आणि पिकअपची वेळ दाखवून भांडले. माणशी दोन हजार परत दिले. उरलेल्या पैशांसाठी सोमवारी पुन्हा जाणार आहे.