आमची वाटचाल : एकाच केबलमधून डेटा आणि वीज

आमच्या फर्मची सुरुवात केबलिंगच्या कामातून झाली. वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट छतावर लागू लागले, तेव्हा प्रत्येकाशेजारी विजेचा पॉइंट काढणे हेच सर्वांत वेळखाऊ काम असे. पीओईने, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याच्या तंत्राने (पॉवर ओव्हर इथरनेट), ते वाचवले. मात्र केबल ओढणाऱ्याला विजेचा हिशेब शिकणे भाग पडले, आणि आज आमच्या कामाचा गाभा तोच आहे.

हा हिशेब स्विचच्या, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन जोडल्या जातात त्या पेटीच्या, पोर्टवर नाही, केबलच्या दुसऱ्या टोकाला मांडायचा. २००३ च्या ८०२.३एएफ मानकात पोर्ट १५.४ वॅट देतो, उपकरणापर्यंत १२.९५ वॅटचीच खात्री असते. २००९ च्या ८०२.३एटी मानकात ३० वॅटचे २५.५ होतात, कारण ०.६ अँपिअर करंट १२.५ ओहम रोधातून गेला की ४.५ वॅट तारेतच उष्णता होऊन जातात. २०१८ च्या ८०२.३बीटीत केबलमधल्या तारांच्या चारही जोड्यांतून वीज जाते आणि पोर्ट ९० वॅटपर्यंत देऊ शकतो.

म्हणूनच केबलच्या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या केबलचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. साध्या टेस्टरवर ती पास होते, अ‍ॅक्सेस पॉइंटचा दिवाही लागतो. पण वापरणारे वाढले, लोड चढला की व्होल्टेज पडते आणि तो रीस्टार्ट होतो. लोक दोष फर्मवेअरला, म्हणजे उपकरणातल्या सॉफ्टवेअरला देतात. तार ब्लेडने खरवडा, आत चांदीसारखी पांढरी दिसली तर तो बॉक्स परत पाठवा. खात्री हवी असेल तर दोन्ही टोके सुटी करून एका टोकाला जोडीच्या दोन तारा एकत्र पिळा आणि दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा. २४ गेजच्या तांब्याला १०० मीटरवर साधारण १९ ओहमच्या आत आकडा यायला हवा.

स्विच निवडताना पोर्ट मोजून थांबू नये. ३७० वॅट बजेटचा (सगळ्या पोर्टना मिळून तेवढी वीज देणारा) २४ पोर्टचा स्विच सगळ्या पोर्टना १५.४ वॅट पुरवतो, पण ३० वॅट फक्त १२ पोर्टना. काही अ‍ॅक्सेस पॉइंट एटी मागतात आणि एएफ मिळाले तरी चालू राहतात. फक्त काही रेडिओ चेन (सिग्नल पाठवणारे-घेणारे भाग) किंवा यूएसबी पोर्ट बंद ठेवतात. ‘नेट स्लो आहे’ अशी तक्रार आली की आम्ही वायफायचा चॅनेल बघण्याआधी कंट्रोलरमध्ये (सगळे अ‍ॅक्सेस पॉइंट सांभाळणाऱ्या यंत्रणेत) पॉवर मोड बघतो.

पॅसिव्ह इंजेक्टरबाबत, म्हणजे केबलमध्ये थेट वीज सोडणाऱ्या साध्या अ‍ॅडॉप्टरबाबत, मात्र फार जपावे लागते. मानकाप्रमाणे चालणारा स्विच आधी १० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी व्होल्टेज सोडून समोर २५ किलोओहमचा रोध आहे का तपासतो, मगच वीज देतो; त्यामुळे चुकून लॅपटॉप लावला तरी बिघडत नाही. पॅसिव्ह इंजेक्टर न विचारता २४ किंवा ४८ व्होल्ट सोडतो. आम्ही अशा प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना व्होल्टेजचे लेबल लावतो, आणि इंजेक्टर गिगाबिटचाच घेतो. १०० मेगाबिटचा घेतला तर अ‍ॅक्सेस पॉइंट कितीही चांगला असो, वेग तिथेच अडकतो.

काम सोपवताना प्रत्येक पोर्टचा लिंक स्पीड, मिळालेला क्लास (विजेची श्रेणी) आणि पूर्ण लोडवरचे वॅट लिहून देतो. गिगाबिटऐवजी १०० दिसले की टेस्टर काढण्याआधी क्रिम्प, म्हणजे कनेक्टरमध्ये तारा दाबून बसवलेला जोड, बघावा. चार-पाच किंवा सात-आठ नंबरची तार बहुतेक वेळा बसलेली नसते.