टीव्ही आला, पण तपासायला माणूस येईना: 55 इंची पडद्याचा माझा अनुभव

आधी महत्त्वाचं सांगते. कंपनीचा तंत्रज्ञ तक्रार बंद करण्यासाठी तुमच्या मोबाईलवर आलेला कोड मागतो. काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो कोड कोणालाही देऊ नका. तो कितीही गयावया करो, साहेबांचं नाव सांगो, देऊ नका.

आम्ही अंबाजोगाईचे. माडीवर धान्याची खोली होती, दहा बाय बारा फुटांची. आता माल शेतातूनच मोंढ्यावर जातो, त्यामुळे ती रिकामीच असायची. एकच लहान खिडकी, जाड भिंती, दुपारीही अंधार. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जुन्या सिनेमांचं भारी वेड. साउंडबार, म्हणजे टीव्हीला जोडायची स्पीकरची पट्टी, घरात होताच. मनात आलं, इथंच छोटं थिएटर करू. पडद्यासाठी 40,000 रुपये बाजूला काढले होते. त्या पैशात येणारा प्रोजेक्टर फिका दिसतो, म्हणून टीव्हीच ठरवला. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि 55 इंची आवाक्यात आला. त्याच महिन्यात आमच्याकडे अतिवृष्टी झाली, सोयाबीन पाण्यात गेलं. खरेदी दिवाळीपर्यंत लांबवली.

55 इंचच का, तर आमची बैठक पडद्यापासून साधारण साडेसात फुटांवर येते. पडद्याच्या कर्णाच्या 1.6 पट अंतरावर बसलं की तो डोळ्यांपुढे सुमारे 30 अंशांचा कोन व्यापतो आणि सिनेमा सिनेमासारखा वाटतो. 43 इंची त्या अंतरावर लहान पडतो.

पॅनलचं, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पडद्याचं, मात्र नीट समजून घ्या, कारण दुकानदार ते सांगत नाहीत. स्वस्त एलईडी टीव्हीत मुख्यतः दोन प्रकार असतात, व्हीए आणि आयपीएस. आयपीएस बाजूने बसलेल्यालाही छान दिसतो, पण अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग राखाडी वाटतो. व्हीएचा काळा खरंच काळा. त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि काळ्या रंगातला फरक, आयपीएसच्या तिप्पट किंवा जास्तही असतो. आमची खोली अरुंद, सगळे समोरच बसणार, म्हणून व्हीए. एकाच मॉडेलच्या 43 आणि 55 इंचांत पॅनल वेगळं असू शकतं, तेव्हा ज्या मापाचा घ्यायचाय त्याच मापाचं विचारा. लातूरच्या दुकानात सगळे टीव्ही भडक रंगांच्या मोडवर, वर ट्यूबलाइटचा लख्ख उजेड. मी पेनड्राइव्हमध्ये रात्रीची दृश्यं भरून नेली होती. दुकानातल्या दादांनी दिवे मालवून लावून दाखवली. त्यांचे उपकार मानते.

टीव्ही घरी आला. बसवणाऱ्या मुलाने भरदुपारी, खिडकी सताड उघडी असताना तो चालू केला, टीव्ही बसवल्याचा कोड घेतला आणि गेला. संध्याकाळी रात्रीचं दृश्य लागलं तेव्हा उजव्या बाजूला गोल पांढरे डाग दिसले, बॅटरीचा झोत मारल्यासारखे. लगेच तक्रार नोंदवली.

इथून माझा संताप सुरू होतो. टीव्ही बदलून मिळण्याची मुदत मोजून असते आणि ती तक्रारीच्या दिवसापासून नाही, टीव्ही हातात आल्यापासून चालू असते. सदोष आहे हे कंपनीच्या तंत्रज्ञाने तपासून लिहून द्यावं लागतं. तंत्रज्ञ लातूरहून येणार. फोन केला की, "निघायलोच मॅडम, रस्त्यातच आहे." संध्याकाळ व्हायची, कोणी यायचं नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज, 'ग्राहक घरी नसल्याने भेट रद्द.' मामा दिवसभर ओसरीत बसलेले, दाराला कडी नाही, आणि कंपनी म्हणते घरी कोणी नाही! मामांना ते फार लागलं. "आपण खोटं बोलायलो का?" असं ते मला विचारत राहिले.

मग तंत्रज्ञाचा फोन आला. "ताई, तेवढा कोड सांगा. त्याशिवाय सिस्टीममधे व्हिजिट दिसत नाही. टीव्ही मी येऊन बघतोच की." मी म्हटलं, "दादा, तुम्ही या, टीव्ही बघा, चहा घ्या, मग कोड देते." त्याने फोन ठेवला. तक्रार पुन्हा रद्द दाखवली गेली, मी पुन्हा उघडली. हेल्पलाइनवर प्रत्येक वेळी नवीन आवाज आणि पहिल्यापासून तीच कहाणी. एकीने तर सांगितलं, "मॅडम, तुमची मुदत संपत आलीय." जणू ती मी संपवली! कोड दिला असता तर त्यांच्या नोंदीत टीव्ही तपासलेला आणि माझी तक्रार मिटलेली झाली असती. मी तो दिला नाही याचा मला आजही अभिमान आहे.

मुदत संपण्याआधी मी दोन गोष्टी केल्या. कंपनीला ईमेल लिहिला: तक्रार मुदतीत आहे, तिचा क्रमांक हा, तपासणीचा उशीर तुमच्याकडून आहे. सोबत अंधारात काढलेले डागांचे फोटो आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ. दुसरं, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. तिथे मराठीत बोलता येतं. त्यानेही भागलं नसतं तर ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

त्यानंतर मॅनेजरचा फोन आला आणि तंत्रज्ञही आला. दिवसाउजेडी बघून म्हणाला, "नॉर्मल आहे." मी खिडकी लावून तिच्यावर सतरंजी टाकली आणि काळं दृश्य लावलं. तो गप्प झाला. मग त्यानेच समजावलं: पडद्यामागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात, प्रत्येक दिव्यावर उजेड पसरवणारी लहान भिंगं चिकटवलेली असतात. ती निसटली की असे डाग पडतात. वाहतुकीतल्या हादऱ्यांनीही सुटतात. मुलगा भला होता. एकट्याकडे कितीतरी तालुके दिलेले, आणि कोड नाही तर पैसे नाहीत असा नियम. माझा राग त्याच्यावर नाही, तो नियम करणाऱ्यांवर आहे. त्याने नुसतं पॅनल बदलून देतो म्हटलं, पण मुदतीतली तक्रार असल्याने मी अख्खा टीव्ही मागितला आणि तो मिळाला. त्या रात्री मामांनी लागोपाठ दोन सिनेमे पाहिले.

मधे राहून गेलेलं सांगते. साउंडबार असेल तर टीव्हीच्या कोणत्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय ते बघा, टीव्हीचा आवाज साउंडबारला त्याच पोर्टमधून जातो. बहुधा ते एकाच पोर्टवर असतं. एचडीआरच्या, म्हणजे उजेड-अंधार जास्त ठळक दाखवण्याच्या, पाटीला भुलू नका, स्वस्त पडद्याची चमक त्याला पुरत नाही. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो. टीव्ही मधे स्वतःची चित्रं घुसडून तो मालिकेसारखा गुळगुळीत करतो, ती सोय बंद करा. फिल्ममेकर मोड, म्हणजे सिनेमा मूळ रूपात दाखवणारी सेटिंग, असेल तर तो लावा. आमच्या दगडमातीच्या भिंतीत खुंट्या धरत नव्हत्या, म्हणून टीव्ही लाकडी बाकावर ठेवला. डोळ्यांच्या रेषेत येतो, बरंच झालं. विजेचा दाब वरखाली होतो, म्हणून स्टॅबिलायझर लावला आणि अर्थिंग तपासून घेतलं.

खरेदीआधी कंपनीला आपला पिनकोड सांगून तंत्रज्ञ कुठून येतो ते विचाराच. आणि टीव्ही बदलून मिळाला तर सिरियल नंबरही बदलतो. वॉरंटी नव्या नंबरावर चढवून तसं लेखी घ्या. मी ते मागितलं तेव्हाच मिळालं.