किंडरडाइक: पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमजवळच्या किंडरडाइकला १९ पवनचक्क्या आहेत आणि त्या बांधल्या गेल्या त्या पाणी उपसायला. इथली जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची. पाणी काढलं की ती आक्रसते आणि खचते; मग शेताचं पाणी आपोआप नदीत जात नाही. म्हणून १७३८ मध्ये इथल्या नेडरवार्ड या भागाच्या आठ गोल, विटांच्या चक्क्या उभ्या राहिल्या आणि १७४० मध्ये शेजारच्या ओव्हरवार्डच्या आठ अष्टकोनी, गवताने शाकारलेल्या. लाकूड-गवताची चक्की वजनाला हलकी, भुसभुशीत जमिनीवर हा मोठा फायदा.

चार पात्यांचा विस्तार सुमारे २८ मीटर. पाती ज्या आडव्या दांड्यावर बसतात त्याच्यावरच मोठं दातेरी चाक असतं. ते उभ्या दांड्याला फिरवतं आणि तो खाली उपसाचाकाला. हे चाक रहाटासारखं, पण पोहऱ्यांऐवजी सपाट फळ्या. त्या अरुंद पाटातून पाणी वर ढकलतात. उचल जेमतेम दीड मीटर, त्यामुळे खोल पोल्डरला (बांध घालून पाणी उपसलेल्या सखल जमिनीला) एकामागे एक चक्क्या लावाव्या लागतात. नेदरलँड्समधल्याच आरलांडरफेन गावाला अशा चार चक्क्यांची साखळी आहे. चाकांचे दाते लाकडी, एक तुटला तर तेवढाच बदलतात. घर्षण कमी करायला त्यांना मेण लावतात.

खरी मेहनत मात्र वाऱ्याकडे तोंड करण्यात. चक्कीवाला टोपीच्या मागून खाली आलेल्या लाकडी शेपटाखालचं चाक फिरवतो, जमिनीतल्या खुंट्याला अडकवलेली साखळी गुंडाळली जाते आणि वरची टोपी पात्यांसकट वळते. मग ब्रेक लावून एकेक पातं खाली आणायचं, त्याच्या लाकडी जाळीवर चढायचं, कापडी शीड पसरायचं. चार पाती, चार वेळा.

बिघडतं ते वादळात. ब्रेक म्हणजे मोठ्या चाकाभोवतीचा लाकडी पट्टा. वारा अचानक वाढला आणि शिडं उतरवायची राहिली, तर पट्टा घसरतो, तापतो आणि चक्की पेटूही शकते. वारा मागून आला तर त्याहून वाईट: पाती उलटी फिरू पाहतात आणि ब्रेक त्या दिशेला नीट धरत नाही. म्हणून चक्कीवाल्याची नजर सतत आभाळाकडे.

काही चक्क्यांत आजही कुटुंबं राहतात, तेव्हा दारात डोकावू नका. आत पाहायचं तर संग्रहालय-चक्कीत जा. जिने शिडीइतके उभे आहेत. उतरताना तोंड पायऱ्यांकडे ठेवा आणि पाठीवरची पिशवी आधीच खाली ठेवून या.