तुम्ही विचारलंत म्हणून: यातली खरी डॉज डार्ट कुठली?

मिशिगनमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला मी माझी १९७२ ची डार्ट स्विंगर घेऊन गेलो की पार्किंगमध्ये कोणीतरी हमखास विचारतं, अहो पण ही डार्ट तर आम्ही वेगळीच पाहिली होती, लांबलचक, मागे पंख असलेली, आणि परवा भाड्याने घेतलेली तीही डार्टच होती, मग यातली खरी कुठली? प्रश्न रास्त आहे. या एका नावाखाली डॉजने साठ सालापासून इतक्या वेगवेगळ्या गाड्या विकल्यात की गोंधळ होणारच. माझं उत्तर ठरलेलं आहे, १९६३ ते १९७६. त्याच्या आधी फक्त नाव होतं आणि त्याच्या नंतरही फक्त नावच उरलं. असं का म्हणतो ते आता सविस्तर सांगतो, कारण पार्किंगमध्ये उभ्या उभ्या हे नीट सांगून होत नाही.

१९६० ची पहिली डार्ट कॉम्पॅक्ट नव्हतीच. ११८ इंच व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), म्हणजे चांगली भलीमोठी गाडी. झालं असं होतं की डॉजच्या डीलरांकडे तोवर प्लिमथ पण विकायला असायची, डॉज आणि प्लिमथ दोन्ही जिच्या मालकीच्या त्या क्रायस्लरने डीलरशिपची नवी मांडणी केली आणि डॉजवाल्यांच्या हातातून प्लिमथ गेली, मग स्वस्तातलं गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून त्यांना ही डार्ट दिली. सेनेका, पायोनियर आणि फीनिक्स असे तीन प्रकार होते आणि तिन्ही जोरात खपले. १९६१ ला मागचे पंख उलटे लावले, म्हणजे पुढून मागे चढत जाण्याऐवजी उतरत जाणारे, आणि मला ते अजिबात आवडत नाहीत, व्हर्जिल एक्सनरसारख्या मोठ्या डिझायनरच्या हातून असं काही निघालं याचं प्रत्येक वेळी फोटो बघून वाईट वाटतं.

मग १९६२. ही गोष्ट डेट्रॉइटमध्ये नेहमी सांगितली जाते, की क्रायस्लरचे विल्यम न्यूबर्ग एका गार्डन पार्टीत होते, तिथे त्यांच्या कानावर आलं की शेव्हरोलेची पुढची गाडी लहान होणार आहे, आणि त्यांनी घाईघाईने आपल्या पण मोठ्या गाड्या लहान करायला लावल्या. प्रत्यक्षात शेव्हरोले जी लहान गाडी आणत होती ती शेव्ही टू, वेगळीच कॉम्पॅक्ट, त्यांच्या मोठ्या गाड्या होत्या तेवढ्याच राहिल्या. डॉजची डार्ट मात्र ११६ इंचांवर आली आणि शोरूममध्ये शेजारच्यांच्या गाड्यांपुढे खुजी दिसायला लागली. एक्सनर गेले, फोर्डकडून एल्वुड एंगल आले. त्या गाडीचा एक गुण मात्र सांगायलाच हवा, ती हलकी होती, त्यामुळे ४१३ क्युबिक इंचांचं मोठं इंजिन बसवलेल्या १९६२ च्या डार्टने ड्रॅग रेसच्या पट्ट्यावर भल्याभल्यांना मागे टाकलं.

आता खरी सुरुवात. १९५९ च्या शेवटी अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी एकदम कॉम्पॅक्ट गाड्या आणल्या, शेव्हरोलेची कॉर्वेअर, फोर्डची फाल्कन आणि क्रायस्लरची व्हॅलियंट, कारण बीटल आणि रॅम्बलर या छोट्या गाड्या गिऱ्हाईक ओढून नेत होत्या. कॉर्वेअरचं इंजिन मागे आणि हवेने थंड होणारं, म्हणजे सगळ्यात धाडसी. फाल्कन सगळ्यात साधी. व्हॅलियंट दिसायला विचित्र, पण आतून माझ्या मते तिघींत सगळ्यात जास्त विचार करून बनवलेली. डॉजला तिचीच बहीण लान्सर या नावाने दिली होती, ती दोन वर्षं जेमतेम चालली, आणि १९६३ ला तिच्या जागी जी नवीन गाडी आली तिला मोठ्या गाडीवरचं डार्ट हे नाव काढून लावलं. व्हीलबेस १११ इंच, व्हॅलियंटपेक्षा पाच इंच जास्त, आणि ते पाच इंच मागच्या सीटवर बसलं की पायांना कळतात. १७०, २७० आणि जीटी असे प्रकार, सेडान, हार्डटॉप, कन्व्हर्टिबल, शिवाय वॅगन, फक्त वॅगनला व्हॅलियंटचाच १०६ इंची तळ होता.

या गाडीचा जीव म्हणजे स्लँट सिक्स इंजिन, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. सहा सिलिंडर एका ओळीत, पण सरळ उभे न ठेवता तीस अंशात एका बाजूला कललेले. का कलवलं? एक म्हणजे उंची कमी झाली, त्यामुळे बोनेट खाली आणता आलं. दुसरं म्हणजे पाण्याचा पंप इंजिनाच्या पुढे लावण्याऐवजी बाजूला सरकवता आला, त्यामुळे लांबीही कमी झाली. आणि तिसरं, मला सगळ्यात आवडणारं, कलवल्यामुळे जी मोकळी जागा झाली तिथे इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या, लांब लांब आणि जवळपास सारख्या लांबीच्या नळ्या बसवता आल्या, म्हणजे एका कार्बोरेटरवर सहाही सिलिंडरना बऱ्यापैकी सारखं मिश्रण मिळतं. सुरुवातीला १७० आणि २२५ क्युबिक इंच अशी दोन मापं, दोन्हीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३.४ इंच, फरक सगळा स्ट्रोकमध्ये (पिस्टन वरखाली होण्याच्या अंतरात), १७० चा ३.१२५ आणि २२५ चा ४.१२५. म्हणूनच २२५ ला फार फिरवायला लागत नाही, खालच्या आरपीएमलाच ते ओढतं, चढावर गिअर न बदलता चढतं. फोर्ज केलेला क्रँकशाफ्ट आणि जाडजूड कास्ट आयर्नचा ब्लॉक (सुरुवातीच्या दोनेक वर्षांत थोडे ॲल्युमिनियमचे पण काढले होते). टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, हाताने सेट करायचे, इंजिन गरम असताना, आणि हे काम मला मनापासून आवडतं, कारण फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून एकेक टॅपेट सेट करत गेलं की आवाज कसा बदलत जातो ते कानाला कळतं, कुठलाही कॉम्प्युटर लावायला लागत नाही.

त्याच्या जोडीला टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, जो १९६४ पर्यंत डॅशबोर्डवरच्या बटणांनी चालायचा. पुढच्या सस्पेन्शनमध्ये कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे गाडीच्या लांबीने जाणारी पोलादी कांब, जी पिळ खाऊन स्प्रिंगचं काम करते, आणि एक बोल्ट फिरवला की गाडीची उंची कमीजास्त करता येते. सगळे जण अजून डायनामो लावत होते तेव्हा व्हॅलियंटला १९६० लाच अल्टरनेटर होता. आणि सेल्फचा तो आवाज! गिअर रिडक्शनवाला सेल्फ, तो फिरताना असा काही घरघरून गातो की जुने लोक लांबून फक्त ऐकून सांगतात, क्रायस्लरची गाडी सुरू होतेय. त्यात १९६३ ला कंपनीने इंजिन-गिअरबॉक्सवर पाच वर्षं किंवा ५०,००० मैलांची वॉरंटी दिली. आपल्या यंत्रावर भरवसा असल्याशिवाय कोणी असं लिहून देत नाही.

१९६४ ला २७३ क्युबिक इंचाचं छोटं व्ही-एट आलं, १९६६ ला वॅगन बंद झाली, आणि १९६७ ला पूर्ण नवीन बॉडी. बाजूच्या काचा बाकदार, मागची काच आत वळलेली, एकूण रेषा सरळ आणि स्वच्छ. माझ्या डोळ्यांना १९६७ ते ६९ ची डार्ट त्या काळातल्या कॉम्पॅक्टमध्ये सगळ्यात देखणी वाटते. खाली मात्र तोच तळ, तेच टॉर्शन बार, तेच कललेलं इंजिन.

मग ताकदीचं वेड आलं. १९६८ ची जीटीएस, ३४० क्युबिक इंच, कागदावर २७५ हॉर्सपॉवर, आणि ३४० चं वजन आटोपशीर असल्यामुळे गाडीचं नाक जड झालं नाही, हा तिचा मोठा गुण. ३८३ पण बसवलं, पण ते मला कधीच पटलं नाही, इंजिन कंपार्टमेंटमध्ये हात घालायला जागा नाही आणि पुढचा भाग जड. त्याच वर्षी हर्स्ट कंपनीकडून साधारण ८० हेमी डार्ट करून घेतल्या, ४२६ हेमी, फायबरग्लासचं बोनेट आणि पुढचे मडगार्ड, दारांचा पत्रा ॲसिडमध्ये बुडवून पातळ केलेला, फक्त रेससाठी. लोक फोटो त्यांचेच काढतात. पण डार्ट जगली ती शाळेच्या शिक्षिका, नर्स आणि कारखान्यातले कामगार यांच्या घरासमोर उभी राहून, सहा सिलिंडरवर.

१९६९ ला स्विंगर हे नाव आलं. १९७१ ला प्लिमथच्या डस्टरसारखी एक फास्टबॅक काढून तिला डीमन नाव दिलं, बाजूला त्रिशूळ घेतलेला छोटा सैतान, धार्मिक मंडळींनी तक्रारी केल्या आणि १९७३ ला तिचं डार्ट स्पोर्ट झालं. १९७२ पासून हॉर्सपॉवर मोजायची पद्धत बदलली त्यामुळे २२५ इंजिनाची ताकद कागदावर १४५ हॉर्सपॉवरवरून एकदम ११० वर आली. लोक मला विचारतात की इंजिन इतकं अशक्त का झालं. प्रदूषणाच्या नियमांमुळे थोडं झालं हे खरं, पण यातला बराचसा फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे, आधी नुसतं उघडं इंजिन मोजायचे आणि नंतर पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर सगळं लावून. १९७३ ला ठिणगीची वेळ साधणारे जुने पॉइंट गेले आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. मग जाड बंपर आले, ते दिसायला वाईट, पण कायदाच होता.

आणि तेव्हाच तेलाचं संकट आलं. १९७३ च्या शेवटी पेट्रोलच्या रांगा लागल्या आणि दहा वर्षं जुना तळ असलेल्या या गाडीला परत मागणी आली. १९७६ ला डार्ट लाइट काढली, इनटेक मॅनिफोल्ड, बोनेट आणि डिकीच्या आतले सांगाडे ॲल्युमिनियमचे, ओव्हरड्राइव्ह गिअर, सगळी धडपड मायलेजसाठी. माझ्या मते हीच दिशा धरायला हवी होती.

कंपनीने ती धरली नाही. १९७६ लाच ॲस्पेन आली आणि वर्षाअखेर डार्ट बंद. ॲस्पेनला आणि तिच्या बहिणीला, व्होलारेला, मोटर ट्रेंडने कार ऑफ द इयर ठरवलं आणि थोड्याच दिवसांत त्यांचे पुढचे मडगार्ड गंजायला लागले, रिकॉलवर रिकॉल झाले, मडगार्ड फुकट बदलून देता देता कंपनीचा खिसा रिकामा झाला. स्लँट सिक्स त्यांच्यातही होतं, पण बाकीची गाडी घाईत बाहेर काढली होती. पुढे क्रायस्लर दिवाळखोरीच्या तोंडाशी गेली, सरकारी हमीवर कर्ज घ्यावं लागलं. कारणं बरीच होती, पण ज्या गाडीवर लोकांचा आंधळा विश्वास होता तिच्या जागी अशी गाडी देणं हे मला त्यातलं सगळ्यात दुःखाचं वाटतं, कारण ते गिऱ्हाईक तिथून टोयोटाकडे गेलं.

राहिली भाड्याने मिळालेली ती डार्ट. २०१२ ला डेट्रॉइट शोमध्ये दाखवली, २०१३ चं मॉडेल, बनायची इलिनॉयमधल्या बेल्विडिअरला, तळ मात्र अल्फा रोमिओ जुलिएत्ताचा. २००९ च्या दिवाळखोरीनंतर क्रायस्लर फियाटच्या हातात आली होती आणि अमेरिकेत बनलेली, गॅलनला ४० मैलांचं मायलेज देणारी गाडी आणली की फियाटला आणखी ५ टक्के हिस्सा मिळेल अशी अट होती, ती अट या डार्टवर पूर्ण झाली. गाडी वाईट नव्हती, वळणावर छान बसायची. पण २०१६ ला बंद झाली. डॉज आणि फियाट एकत्र आल्याचं इथे सगळ्यांना नवल वाटलं होतं, मला नाही, कारण कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात होत्या आणि पन्नाशीच्या दशकात तिथेच फियाट ११०० आली, जिची पुढे पद्मिनी झाली. वालचंद हिराचंदांच्या कारखान्यात ही दोन नावं डेट्रॉइटच्या साठ वर्षं आधी शेजारी नांदली.

म्हणून ६३ ते ७६. मधे बॉडी बदलली, नाक बदललं, बंपर बदलले, पण १९७३ नंतरच्या डार्टचे डिस्क ब्रेक काढून थोडीफार जोडणी करून १९६३ च्या डार्टला बसवता येतात आणि लोक ते सर्रास करतात. माझ्या दृष्टीने पिढी म्हणजे हे.

घ्यायची असेल तर सहा सिलिंडरवालीच घ्या, ३४० च्या किमती आता आवाक्यात नाहीत आणि रोज चालवायला तिची गरजही नाही. इंजिनाची काळजी करू नका, ते परत बांधता येतं, पार्ट मिळतात. गाडीखाली झोपा आणि टॉर्शन बारची मागची टोकं जिथे बसतात तो क्रॉसमेंबर (गाडीखालचा आडवा तुळईसारखा भाग) गंजलाय का ते टोचून बघा, मग मागचे रेल, डिकीचा तळ आणि विंडशील्डखालचा भाग, जिथून पाणी आत पाझरतं. इकडे उत्तरेत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियातली गाडी मिळाली तर ट्रकचं भाडं भरूनही ती स्वस्त पडते. आणि शोधता शोधता कोणाला १९६३ ते ६६ मधली वॅगन दिसली, २२५ आणि बटणवाल्या गिअरची असली तर उत्तमच, तर मला कळवा, मला खरंच हवी आहे.