पाइपात एकतारी की बहुतारी? जुन्या घराचं वायरिंग बदलतानाचा अनुभव

इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घराचं वायरिंग काढलं, तर लाकडी बॅटनवरून सगळी ॲल्युमिनियमची एकतारी, म्हणजे आत एकच जाड तार असलेली 'सॉलिड' वायर निघाली. आता पीव्हीसी पाइपात काय ओढायचं यावर मिस्त्रीचं मत ठाम: "भिया, सॉलिड ज्यादा चलती है." उलट 'पाइपात सॉलिड चालतच नाही, नियम आहे' असं सांगणारेही भेटतात. दोन्ही अर्धवट.

तो नियम अमेरिकेच्या एनईसीचा, म्हणजे तिथल्या वायरिंग नियमावलीचा. ८ एडब्ल्यूजी (अमेरिकी वायरमाप, आकडा लहान तितकी वायर जाड), म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिमी, किंवा त्याहून जाड वायर पाइपातून न्यायची तर ती सहसा बहुतारीच लागते. १२ आणि १४ नंबरची सॉलिड तिथे सर्रास ओढतात. यात विजेचा प्रश्न नाही. जाड सळी बेंडमध्ये वळत नाही आणि जोर लावला की इन्सुलेशन सोलवटतं. करंट किती वाहील हे तांब्याच्या क्षेत्रफळावर ठरतं. ५० हर्ट्झला घरगुती मापात एक तार काय नि छत्तीस काय, फरक नगण्य.

आपल्याकडे वायरला आयएस ६९४ आणि वायरिंगला आयएस ७३२ ही भारतीय मानकं. इंदूरच्या महाराणी रोडवरच्या दुकानात ९० मीटरची कॉइल मागितली की बहुतेक बारीक तारांचीच हातात येते, २.५ चौरस मिमीत साधारण ०.३ मिमीच्या ३६ तारा. मी तीच घेतली: दिवे-पंख्यांना १.५, १६ अँपिअर सॉकेटला २.५, एसी आणि गीझरला ४.

ओढण्याचं निम्मं काम पाइप टाकतानाच ठरतं. वळणावर एल्बो नको, लांब बेंड हवा. एनईसीत दोन बॉक्सांमध्ये एकूण ३६० अंशांपर्यंत वळणं चालतात, म्हणजे चार काटकोन. मी दोनवर थांबतो आणि पुढे जंक्शन बॉक्स देतो. तीन किंवा जास्त वायर असतील तर आतल्या क्षेत्रफळाचा ४० टक्के भाग ही तिथली भरण्याची मर्यादा. 'अजून एक बसेल' म्हणून कोंबलेली वायर पुढे बदलायची वेळ आली की निघत नाही. कॉइल फिरवत उलगडा. कडेने वेटोळी ओढली की पीळ पडतो आणि तो नेमका बेंडमध्ये अडकतो. फिश वायरला (पाइपातून वायर ओढून घ्यायची लवचीक पट्टी) बांधताना सगळी टोकं एका जागी आणू नका, मागेपुढे ठेवा, म्हणजे गाठ जाड होत नाही. वायर सरकावी म्हणून फ्रेंच चॉक (टाल्कची पूड) चोळा, ग्रीस नको. एका सर्किटची फेज, न्यूट्रल आणि अर्थ एकाच पाइपात. लोखंडी पाइप असेल तर फेज-न्यूट्रल वेगळे केल्याने पाइपच तापतो.

बहुतारी वायर खरा त्रास देते तो टर्मिनलवर. स्विचच्या भोकात ४ ची वायर जात नाही म्हणून कडेच्या पाच-सहा तारा कापणं ही आपल्याकडची जुनी खोड. तेवढं तांबं कमी, तोंड तिथेच तापतं, आणि काही महिन्यांनी प्लेट पिवळी पडते. सुटी एखादी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तर शॉर्ट. टोकाला कल्हई करून स्क्रू आवळणंही चूक: दाबाखाली शिसं-कथील हळूहळू सरकतं आणि स्क्रू ढिला होतो. मापाची पिन लग (तारा एकत्र धरणारी धातूची टोपी) घालून क्रिम्पिंग टूलने दाबा. पक्कडने दाबलेली लग ओढली की निघते. एमसीबीच्या तोंडातही तसंच. एकतारीला हे लाड लागत नाहीत, पण सोलताना सुरीची खाच पडली तर दोन-तीनदा वाकवल्यावर तिथेच तुटते.

एखाद्या खोलीत जुनी ॲल्युमिनियम ठेवावीच लागली तर ती तांब्याला पीळ देऊन जोडू नका. दमटपणात सांधा गंजतो आणि तापतो.

प्लेटा बसवण्याआधी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावा, दिवे आणि पंख्याचे रेग्युलेटर काढून. फेज-न्यूट्रल आणि दोन्ही अर्थशी, किमान १ मेगाओहम. नव्या वायरिंगला आकडा याच्या कितीतरी वर यायला हवा. जेमतेम एकच आला तर कुठेतरी इन्सुलेशन सोलवटलंय. एकेक सर्किट सुटं करून शोधा, आणि सर्वांत जास्त बेंड असलेल्या पाइपापासून सुरुवात करा.