स्लॅब तापतो, एसी घ्यावा का?

"वरच्या मजल्यावर रात्री दहालासुद्धा पंखा गरम हवाच टाकतो, एसी लावूनच टाकावा का?" कोल्हापुरात राजारामपुरी असो की कळंबा, उन्हाळा लागला की हा प्रश्न ठरलेला. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: आधी गच्चीला चुना मारा, मग एसीचं बघा.

इथे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा ऊन जवळजवळ लागतच नाही. सगळा मारा गच्चीवर, आणि दुपार कलली की पश्चिमेच्या भिंतीवर. पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री खोलीत सोडतो. एसी लावला तरी स्लॅब तापायचा थांबत नाही.

चुना मार्चअखेर मारा. त्याआधी साखर कारखान्यांचा गळीत हंगाम (ऊस गाळपाचा काळ) चालू असतो आणि चिमणीतली काळी राख गच्चीवर पडत राहते; पांढरा रंग मळला की ऊन परतवणं कमी होतं. १ किलो चुन्याला साधारण ५ लिटर पाणी. चुनकळी, म्हणजे न विरलेला चुना, विरताना पाणी उकळतं, त्यामुळे पातळ प्लास्टिकची बादली नको, लोखंडी पिंप घ्या. डोळ्यांना चष्मा, हातांना रबरी मोजे हवेतच. २४ तासांनी जाड कापडातून गाळा आणि दर १० लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. गच्चीवरचं गेल्या पावसाळ्याचं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून काढा, नाहीतर चुना पापुद्र्यासारखा सुटतो. संध्याकाळी, स्लॅब निवल्यावर, पाणी शिंपडून पहिला हात उभा द्या, तो वाळला की दुसरा आडवा. तापलेल्या स्लॅबवर मारलात तर पाणी लगेच उडतं आणि नुसती भुकटी उरते, पायाला लागणारी. पावसात चुना धुपतो, म्हणून हे काम दरवर्षीचं.

कायमचा उपाय पांढऱ्या फुटक्या फरशीचा, म्हणजे चायना मोझॅकचा. पण खालचा चार इंची विटांचा कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, चौरस फुटाला सुमारे २० किलो भार टाकतो. जुन्या स्लॅबवर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हे करू नका. अपार्टमेंटमध्ये हा खर्च वर्गणीतूनच व्हायला हवा. गच्ची सगळ्यांची आहे, धग मात्र वरच्याच कुटुंबाला सोसावी लागते.

गळतीसाठी बरेचजण वर पत्र्याचं शेड करतात. चारी बाजू उघड्या ठेवल्या तर सावली मिळते, वारा खेळतो. बाजू बंद करून अडगळीची खोली केली की पत्र्याखालची हवा कोंडते आणि स्लॅब पुन्हा तापतो.

सोलर पॅनल हीसुद्धा सावलीच. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. फक्त स्टँड बसवताना स्लॅबला ड्रिल मारू देऊ नका. वॉटरप्रूफिंग फुटतं आणि जूनमध्ये छताला ओल येते. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर स्टँड बसवा. ठोकळे किती वजनाचे, ते वाऱ्याचा हिशोब करून ठरवून घ्या.