त्या दोन सीटच्या सायकलचं काय झालं?

परवा एका बारशाला, हातात घुगऱ्यांची वाटी असताना, पुन्हा एकीने विचारलंच. "अगं, तुम्ही दोघं टॅंडमवरून लग्नाला जाणार होतात ना? पत्रिकेवर चित्रसुद्धा होतं. मग?" मी नेहमीप्रमाणे "त्या हायवेला ट्रॅफिक फार गं" म्हणाले आणि वाटीतला खोबऱ्याचा तुकडा शोधायला लागले. येत्या डिसेंबरात लग्नाला तीन वर्षं होतील. एवढ्या काळात माझी ट्रॅफिक, ऊन, मुहूर्त, शालू आणि सासूबाईंचा गुडघा अशी पाच कारणं देऊन झाली आहेत. सासूबाईंचा गुडघा ठणठणीत आहे, त्या अजून गणपती घाटाच्या पायऱ्या उतरून कृष्णेवर जातात. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच काय ते सांगून टाकते.

नवरा आणि मी भेटलो कसे ते सांगत बसत नाही. 300 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, त्यात त्याचं पंक्चर, माझी ट्यूब, हे सगळं माझ्यापेक्षा तिखटमीठ लावून तुम्हीच सांगता. फक्त एक लक्षात असू द्या. ब्रेव्हेत ज्याची सायकल त्याची जबाबदारी. मागून मदतीला गाडी आणायची नाही, 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 600 ला चाळीस, आणि झोप त्यातच बसवायची. असे चार मोसम आम्ही शेजारीशेजारी काढले, पण प्रत्येकाच्या हातात आपापलं हॅंडल होतं.

बेत असा होता. त्याचं घर वाईला, गंगापुरीत, म्हणून लग्न वाईला. सीमांतपूजनाच्या दिवशी पहाटे पुण्याहून निघायचं. आम्ही दोघं टॅंडमवर आणि मागेपुढे सायकल ग्रुपचे पंधरा-वीस जण. कात्रजचा जुना घाट, शिरवळला नाश्ता, मग खंबाटकी, आणि सुरूर फाट्याला आत वळून वाई. नव्वदेक किलोमीटर. माझ्या आत्याने ऐकल्या ऐकल्या विचारलं, "वेशीवर नवऱ्याची पूजा करायची, आणि नवरी त्याच्याच सायकलवरून उतरणार?" या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

बाबांचं दुखणं निराळं होतं. बाबा बारा वर्षं दापोडीहून भोसरीच्या कारखान्यात सायकलने जात, पाऊस असो की रात्रपाळी. चेतक स्कूटरचा नंबर लागायला तेव्हा वर्षानुवर्षं जायची. 1987 साली त्यांचा लागला तेव्हा त्यांनी चाळीत पेढे वाटले. माझा जन्मही झाला नव्हता, तरी ते पेढे कुठल्या दुकानातले होते हे मला पाठ आहे. मी पहिली गिअरची सायकल आणली त्या दिवशी ते म्हणाले, "ती सुटावी म्हणून आम्ही डबल ड्यूट्या केल्या, आणि तू लाखभर रुपये मोजून तीच घरात आणलीस." लग्नाचा बेत सांगितल्यावर महिनाभर ते माझ्याशी फक्त दूध आणि गॅस सिलेंडर या विषयांवर बोलत होते. मग एका संध्याकाळी पेपर न मिटताच विचारलं, "सुरूर फाट्यापासून वाई किती पडेल?"

"दहा-बारा किलोमीटर."

"चढ?"

"फारसा नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांची जुनी अॅटलस सायकल गॅलरीतल्या खुंटीवरून खाली उतरली.

त्या रात्री मला झोप आली नव्हती, आनंदाने. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं त्याच्यामुळेच अवघड आहे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही रंगीत तालीम करायची ठरवली. टॅंडम ओळखीच्या एका काकांची. ज्यांनी ती चालवलेली नाही त्यांना थोडं सांगावं लागेल. पुढचा बसतो त्याच्याकडे हॅंडल, गिअर, ब्रेक, मीटर, सगळं. मागच्याचं हॅंडल पुढच्याच्या सीटच्या दांड्याला पक्कं आवळलेलं असतं, ते वळतच नाही, धरायला म्हणून दिलेलं असतं. दोघांचे पायडल एका चेनने जोडलेले. त्याने पाय थांबवले की माझे थांबणार, त्याने जोर लावला की माझेही त्याच वेगाने फिरणार. जड माणूस पुढे, हा त्यातला नियम, सायकल सावरायला सोपं जातं. त्याचं वजन तेव्हा 78 आणि माझं 54. त्यामुळे कोण पुढे बसणार ही चर्चा झालीच नाही.

कात्रजपर्यंत मजा आली. अंधारात जुन्या बोगद्यातून जाताना मी ओरडून घेतलं. शिरवळला मिसळ खाल्ली. खंबाटकी चढताना दोघांची जीभ बाहेर आली, कारण चढाला टॅंडम म्हणजे हत्ती. तो न सांगता गिअर बदलायचा आणि माझा पाय फसकन रिकामा जायचा. मी दोनदा म्हटलं, "आधी सांग ना." तो म्हणाला, "सांगतो." चौथ्यांदाही सांगितलं नाही.

मग उतार लागला. उतारावर हाच हत्ती बेफाम सुटतो, दोघांचं वजन आणि वारा कापायला मात्र एकच छाती. माझ्यासमोर त्याची पाठ होती. जर्सीचा मधला खिसा, त्यात अर्धं खाल्लेलं केळं. दोन तास तेवढंच बघत होते. डावीकडून ट्रक मागे पडतायत हे आवाजावरून कळायचं. मी म्हटलं, "हळू." तो म्हणाला, "कंट्रोलमध्ये आहे." मी पुन्हा म्हटलं. या वेळी त्याने ऐकलं नसावं, वारा होता. माझी बोटं हॅंडलवर ब्रेक शोधत होती. ब्रेक नाही हे माहीत असूनही बोटं शोधतच होती. पुढे काहीतरी आलं असावं, ट्रक की खड्डा ते मला आजही माहीत नाही, कारण ते मी पाहिलेलंच नाही. सायकल झटक्यात डावीकडे गेली, खडीवरून चाक सरकलं, रबर जळल्याचा वास आला, मी जिवाच्या आकांताने त्याचं नाव घेतलं आणि आम्ही थांबलो. उभे. दोघंही उभे.

काहीही झालं नाही. हेच कुणाला सांगता येत नाही. हाड मोडलं असतं तर पाच कारणं शोधावी लागली नसती. साधं खरचटलंसुद्धा नाही. त्याने मीटर बघितला आणि म्हणाला, "त्रेसष्ट! टॅंडमवर त्रेसष्ट!" मग मागे वळून माझा चेहरा पाहिला आणि हसत विचारलं, "घाबरलीस?"

मी पसरणी घाट रात्री दोन वाजता एकटीने, एका दिव्यावर उतरलेली बाई आहे. तेव्हा मी घाबरले होते, भरपूर, पण बोटाखाली ब्रेक होता. हे त्या क्षणी मला नीट मांडता आलं नाही. मी "हो" म्हणाले आणि उतरले. "तू जा पुढे," म्हटलं. तो म्हणाला, वेडेपणा करू नकोस. मी म्हटलं, जा. तो दहा मिनिटं थांबला. मग गेला, अगदी सावकाश, दोन्ही ब्रेक दाबत.

मी मागून बघत होते. रिकाम्या सीटखाली माझे पायडल आपोआप फिरत होते. तो पाय मारायचा तेव्हा तेही फिरायचे, तो थांबवायचा तेव्हा थांबायचे. वळणापर्यंत दिसत होते.

पाऊण तास घाट चालत उतरले, क्लीटच्या बुटांत, म्हणजे तळाला पायडलमध्ये अडकणारी पट्टी असलेल्या, टक टक टक. दोन ट्रकवाल्यांनी गाडी हळू करून बघितलं. घाटाखालच्या वेळे गावात तो टपरीवर दोन चहा मांडून बसला होता, माझ्या चहावर साय धरली होती. मी चहा घेतला नाही आणि वडापच्या जीपमध्ये जाऊन बसले. शेजारी भाजीच्या पाट्या घेतलेल्या एक मावशी होत्या. माझ्या हेल्मेटकडे बघून म्हणाल्या, "सायकल पडली का बाई?"

"नाही पडली."

"मग?"

पहिला 'मग?' त्या मावशींचा. तुम्ही सगळे त्यांच्या नंतरचे.

आता ज्याची तुम्ही वाट बघताय ते. टॅंडमची कल्पना माझी होती. तो पहिल्यापासून म्हणत होता, आपापल्या सायकलींवर जाऊ, आपण तसेच भेटलो. मीच म्हटलं, दोन सायकली तर रोजच्याच आहेत, लग्नात काहीतरी एकत्र दिसायला हवं. दिसायला. पत्रिकेवरचं चित्र मीच मावसबहिणीकडून काढून घेतलं, मागे बसलेल्या नवरीचा पदर उडतोय असं. तो पदर चेनमध्ये गेला असता हे चौथीतल्या मुलीलाही कळेल. म्हणजे मागच्या सीटवर मला कुणी बसवलं नाही. मी हौसेने चढले आणि अर्ध्या घाटात तक्रार करत उतरले. तेव्हाची मी भेटले तर तिला विचारीन, तुला खरंच जोडीने जायचं होतं की फोटो काढायचा होता? ती म्हणेल, दोन्ही, आणि तू तरी आता कोणती मोठी शहाणी लागून गेलीस. तिचं खोटं नाही.

त्याने त्याच रात्री सांगितलं, माझं चुकलं, मी थांबायला हवं होतं. मग म्हणाला, अजून महिना आहे, दोन सायकलींनी जाऊ, ग्रुप तयार आहे, काहीच बिघडत नाही. तो बरोबर बोलत होता. मी नाही म्हटलं. का, हे मला नेमकं सांगता येत नाही. भीती नव्हती, चार दिवसांनी मी एकटी सिंहगड करून आले. गावभर टॅंडम टॅंडम करून झालं होतं, आता दोन सायकलींवरून गेलो असतो तर भांडण वेशीपासूनच दिसलं असतं, हे एक. आणि दुसरं, तो माफी इतक्या लवकर मागून मोकळा झाला, की माझ्याकडे रागवायला काही उरलंच नाही. म्हणून मी सायकलीवरच रागावले. हे कारण वाचायला मूर्खपणाचं वाटतं. होतंच.

बाबांना सांगायला गेले तेव्हा ते गॅलरीत होते. अॅटलस उलटी करून ठेवलेली, हॅंडल आणि सीटवर टेकवून, जशी पंक्चरवाले ठेवतात. नवे टायर, नव्या ट्यूब, सीटला नवं रेक्झिनचं कव्हर. डायनॅमोचा दिवा लागतोय का ते बघायला हाताने मागचं चाक फिरवत होते. लागत होता. मी म्हटलं, "बाबा, आम्ही गाडीनेच जायचं ठरवलंय."

त्यांनी चाक हाताने थांबवलं.

"बरं," म्हणाले. "मग टेम्पोवाल्याला नको सांगायला." सायकल फाट्यापर्यंत न्यायला त्यांनी टेम्पो ठरवला होता, मला न सांगता, आगाऊ पाचशे रुपये देऊन.

एवढंच. का म्हणून विचारलं नाही, आजपर्यंत नाही. मी त्यांच्याशी वर्षभर वाद घालून त्यांना त्या सीटवर परत बसवलं आणि मग मीच उठून गेले. तुमच्या प्रश्नाचा मला राग येतो तो यामुळे. ज्या माणसाने विचारायला हवं तो विचारत नाही, आणि घुगऱ्या खाता खाता बाकी सगळे विचारतात.

लग्न छान झालं. मामाच्या वॅगनआरमधून गेलो, खंबाटकीत मला उलटी झाली. ग्रुपमधले आठ जण तरीही सायकलने आले आणि जर्सीवरच पहिल्या पंगतीला बसले. कुणीतरी रुखवतात साखरेची छोटी टॅंडम ठेवली होती, बेत बदललाय हे त्यांना कळलं नव्हतं. आत्याने ती फोडून मुलांना वाटली.

अॅटलस आता बाबांच्या जिन्याखाली असते, खुंटीवर परत गेली नाही. बाबा दूध आणायला ती नेतात असं शेजारच्या काकू म्हणतात. मी असताना कधी नेलेली बघितली नाही. गेले की मी फक्त टायरमधली हवा बघते. दर वेळी भरलेलीच असते.

आम्ही सायकल सोडली नाही, हे विचारायच्या आधीच सांगते. दोन सायकली, एक रस्ता, उतारावर तो आधी खाली पोचतो आणि थांबतो. गेल्या महिन्यात त्या काकांचा फोन आला, टॅंडम विकायची आहे, आधी तुम्हाला विचारतो. नवऱ्याने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुढे कोण बसणार?

रात्री त्याने वजनकाटा पलंगाखालून ओढून काढला. तो 73, मी 60.

"तेरा किलो," तो म्हणाला. काकांना अजून काही कळवलेलं नाही.